झोपाळ्यावरची सावली कोलोरॅडोची होती

काकूंनी प्रिंट हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "चित्र छान आहे गं. पण ही सावली कुठून आणलीस?"

चित्रात दुपारची वेळ होती. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या घराची लांबच लांब सावली परसदारात पसरलेली, सावलीत सागवानी झोपाळा, झोपाळ्यावर दोन उशा. जागा मीच हौसेने निवडली होती. सावली आयती मिळतेय, मग झोपाळा तिथेच. काका लगेच राजी झाले. काकूंनी मात्र मान हलवली. "तीस वर्षं मी त्या कोपऱ्यात पापड-कुरडया वाळवतेय. मे महिन्यात चार वाजता तिथे अनवाणी उभी राहून दाखव."

मी बागा आणि अंगणं आखते. रेंडर, म्हणजे संगणकातल्या मॉडेलवरून खऱ्यासारखी चित्रं, काढायला लागून मला बरीच वर्षं झाली आहेत, त्यामुळे पहिल्यांदा मनात आलं ते हे, की काकूंचा अंदाज चुकत असेल. सॉफ्टवेअर सूर्याची जागा गणिताने काढतं, त्यात चूक कशी होईल? गणित बरोबरच होतं. फक्त ते पुण्याचं नव्हतं.

जागा

पुण्यातला जुना बंगला, तोंड पूर्वेला. मागचं परसदार पश्चिमेला, ३२ फूट खोल आणि दक्षिणोत्तर ५० फूट लांब. दक्षिणेला हद्दीपासून १० फुटांवर शेजाऱ्यांचं दुमजली घर, उंची साधारण २२ फूट. पश्चिमेला ५ फुटी कंपाउंड भिंत आणि पलीकडे रस्ता. वायव्येच्या कोपऱ्यात एक जुना आंबा, २५ फूट उंच. घरच्यांची मागणी साधी होती: संध्याकाळी दोघांना बसायला झोपाळा, काळ्या दगडाची पायवाट आणि अंधारात पाय घसरू नये इतपत दिवे.

त्रिमितीय मॉडेल स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये, त्याचा रेंडर व्ही-रे या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. या जोडीत व्ही-रेचा सूर्य स्वतःचं काही ठरवत नाही. स्केचअपच्या सावलीच्या पॅनेलमध्ये जी तारीख, जी वेळ आणि मॉडेलला जे ठिकाण दिलेलं असेल, तिथून तो उगवतो. ठिकाण दिलंच नसेल तर स्केचअप स्वतःचं एक ठिकाण धरतं, आणि ते आहे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं बोल्डर. हे सॉफ्टवेअर मुळात त्याच गावात जन्मलं. काहीतरी धरल्याशिवाय त्यालाही गत्यंतर नाही, तेव्हा दोष त्याचा नाही. ठिकाण बदलायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. तारीख आणि वेळही मूळचीच राहिली होती: ८ नोव्हेंबर, दुपारी दीड.

बोल्डर ४० अंश उत्तर अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. ८ नोव्हेंबरला दुपारी दीड वाजता बोल्डरमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर असतो. पुण्यात त्याच दिवशी, घड्याळात तेवढेच वाजले असताना, जवळजवळ ५१ अंश. म्हणजे शेजाऱ्यांच्या २२ फुटी घराची सावली बोल्डरच्या हिशेबाने ४१ फूट आणि पुण्याच्या हिशेबाने १८ फूट. सूर्याची दिशा मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच, दक्षिणेकडून थोडी पश्चिमेला. म्हणूनच चित्र बघताना काही खटकलं नाही. सावली योग्य बाजूला पडत होती, फक्त दुपटीहून लांब होती. ती उलट्या दिशेला पडली असती तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

काठी

काकूंशी वाद घालण्याऐवजी मी पुढच्या आठवड्यात, नोव्हेंबरच्या मध्याला, एक ३६ इंची बांबू घेऊन गेले. परसदारातल्या सपाट फरशीवर तो ओळंब्याने सरळ उभा केला आणि दीड वाजता सावली मोजली. ३१ इंच. मॉडेलमध्ये तेवढ्याच उंचीची काठी उभी केली, तिची सावली ६७ इंच. आठवड्याभराने एवढा फरक पडत नाही. तेव्हा ठिकाणाचा घोळ लक्षात आला. मी मॉडेलला पुणे दिलं, त्या दिवशीची तारीख घातली, दीड वाजवले. सावली आली ३५ इंच.

हे जास्त छळणारं होतं. ६७ म्हणजे उघड चूक. ३५ आणि ३१ मधला फरक "चालतंय की" म्हणून सोडून देता येतो. मी सोडलाही असता, पण बांबूच्या खुणा फरशीवर खडूने काढल्या होत्या आणि त्यांत चार इंचांची चूक होण्यासारखं काही नव्हतं.

कारण वेळेचा पट्टा. ठिकाण दिल्यावर स्केचअप रेखांशावरून वेळेच्या पट्ट्याचा अंदाज बांधतं. पुणे ७३.९ अंश पूर्वेला. १५ अंशाला एक तास धरला तर हिशेब ५ तासांजवळ जातो, म्हणून यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक ५. आपली प्रमाणवेळ साडेपाच तासांची, ८२.५ अंशांच्या रेखावृत्तावर बेतलेली. त्यामुळे मॉडेलमध्ये दीड वाजलेले असताना सूर्य आपल्या दोनच्या जागी होता. हा अंदाज चुकू शकतो असं त्याच्या मदतीच्या पानांवर लिहिलेलं आहे. ती पानं मी उघडून पाहिली ती त्या दिवशी. पट्टा बदलला, सावली ३१ झाली. त्या अर्ध्या तासाने संध्याकाळच्या चित्रात तर फार मोठा घोटाळा होतो, कारण सूर्य खाली आला की सावली भराभर लांबते.

उरली दिशा. आर्किटेक्टकडून आलेल्या नकाशात प्लॉट कागदाला समांतर, सरळ बसवलेला होता. प्रत्यक्षात तो १२ अंश तिरका आहे. स्केचअपला हिरवा अक्ष म्हणजे उत्तर वाटतं. सावलीच्या लांबीवर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे काठीच्या लांबीच्या परीक्षेत ही चूक सापडली नसती. पण काठीच उत्तर दिशाही दाखवते. नोव्हेंबरच्या मध्याला पुण्यात सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी येतो तो घड्याळात १२ वाजून १९ मिनिटांनी. त्या क्षणी सावली दिवसातली सर्वांत आखूड असते आणि नेमकी उत्तरेकडे पडते. फोनमधल्या होकायंत्रानेही तेच दाखवलं. पुण्यात चुंबकीय आणि खरी उत्तर यांच्यात एका अंशाहूनही कमी फरक असल्याने तेवढ्यावर विसंबायला हरकत नाही, फक्त लोखंडी गेटपासून लांब उभं राहावं.

मे महिना, दुपारचे चार

आता मॉडेल विश्वासाचं झालं. १५ मे, ४ वाजले असं घातलं आणि सगळे साहित्य-रंग बंद करून नुसत्या मातकट रंगात रेंडर काढला. व्ही-रेमध्ये मटेरियल ओव्हरराइड नावाचा पर्याय आहे, एका टिचकीत सगळं मॉडेल एका रंगाचं होतं. उन्हाचा अभ्यास करताना मी आता दुसरं काही वापरत नाही. हिरवं गवत आणि लाकडाचे रेघोटे दिसले की डोळा त्यातच रमतो आणि सावली बघायची राहून जाते.

मातकट चित्रात शेजाऱ्यांच्या घराची सावली परसदारात नव्हतीच. एक फूटही नाही.

आपल्या मनात सूर्य दक्षिणेकडून जातो हे पक्कं बसलेलं असतं. बोल्डरमध्ये ते भर दुपारी वर्षभर खरं आहे. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. १५ मेला चार वाजता तो पश्चिमेच्याही नऊ अंश उत्तरेकडे झुकलेला, क्षितिजापासून ४१ अंश वर. दक्षिणेकडच्या घराची सावली तेव्हा पूर्वेला आणि किंचित दक्षिणेला, शेजाऱ्यांच्याच आवारात पडते. कंपाउंड भिंतीची सावली सहा फूटसुद्धा भरत नाही. झोपाळ्याची माझी जागा उघड्यावर. पापड वाळवायला त्याहून उत्तम जागा त्या घरात नाही.

डिसेंबर बघितला तर गंमत अशी, की २१ डिसेंबरला चार वाजता त्याच घराची सावली परसदाराच्या दक्षिणेकडच्या २० फुटांवर पसरते. म्हणजे थंडीत ऊन हवंसं वाटतं तेव्हा तिथे सावली आणि उन्हाळ्यात भाजून निघतो तेव्हा ऊन. वर्षाच्या दोन्ही टोकांना सारखीच वाईट जागा मी शोधली होती.

मग आंबा. पहिल्या मॉडेलमध्ये मी त्याच्या जागी लायब्ररीतलं एक मेपल ठेवलं होतं, पानं सुंदर दिसतात म्हणून. ते काढलं. फोटोंवरून मोजून खऱ्या आंब्याचा आकार बसवला: फांद्या ८ फुटांपासून सुरू, घेर खोडापासून १० फूट, गच्च पानं. १५ मे, चार वाजता त्याची सावली खोडापाशीच सुरू होऊन पूर्वेला लांबवर जाते. पाच वाजता सूर्य २७ अंशांवर येतो, तेव्हा सावलीची अलीकडची कड खोडापासून सहा फुटांवर सरकते. झोपाळा खोडापासून १३ फुटांवर ठेवला तर दोन्ही वेळी तो सावलीत राहतो. डिसेंबरात ऊन नैर्ऋत्येकडून २४ अंशांनी तिरपं येतं, ते खालच्या फांद्यांखालून झोपाळ्यापर्यंत पोचतं. इतकं चपखल बसेल असं मलाही वाटलं नव्हतं.

काकांना झोपाळ्याशेजारी बहावा हवा होता. बहाव्याचा पिवळा बहर एप्रिल-मेमधला, आणि नेमक्या त्याच दिवसांत झाडावर पानं विरळ असतात. बघायला अप्रतिम, सावलीला कामाचा नाही. तो पुढच्या गेटपाशी गेला.

एक कबुली द्यायला हवी. पहिल्या रेंडरमध्ये मी सूर्याचा आकार आठपट केला होता. व्ही-रेमध्ये आकार वाढवला की सावलीच्या कडा मऊ होतात, चित्र मासिकातल्यासारखं दिसतं. खरा सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे ३० फुटांवरून येणाऱ्या सावलीची कड तीन-साडेतीन इंचच पुसट होते. आठपट केल्यावर तो पुसटपणा दोन फुटांच्या वर जातो. झोपाळा सावलीत आहे की कडेवर, हे त्या चित्रातून कुणालाच सांगता आलं नसतं. आकार परत १ वर आणला.

कॅमेरा कुणाचा डोळा आहे

पहिला प्रिंट बघून काका म्हणाले होते, "एवढी मोठी आहे आपली जागा?" ही स्तुती नव्हती, पण मी ती तशी घेतली होती. ३२ फुटांचं परसदार एका चौकटीत मावेना म्हणून मी दृश्याचा कोन ९० अंश केला होता. ३६ मिमी रुंदीच्या फिल्मवर हे १८ मिमीच्या लेन्सइतकं होतं. एवढ्या रुंद लेन्सने समोरची भिंत लांब पळते, कडेची झाडं बाहेरच्या बाजूला ताणली जातात आणि परसदाराचं क्रिकेटचं मैदान होतं. त्यात कॅमेरा कंपाउंडच्या वर, १२ फुटांवर टांगलेला. तिथून कोण बघणार, कावळा?

दुसऱ्या फेरीत मी तीनच दृश्यं ठेवली. मागच्या दारातून, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. स्केचअप ही उंची ५ फूट ६ इंच धरतं, मी ती ५ फुटांवर आणली, कारण काकू तेवढ्याच उंचीवरून बघतात. झोपाळ्यावर बसून, पावणेचार फुटांवरून. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून, हे काकूंनी मागितलं होतं: "दिवसातला निम्मा वेळ मी तिथूनच बघते." पहिल्या दोन्हींना २८ मिमी, म्हणजे ६५ अंश, खिडकीला ३५ मिमी, ५४ अंश. २८ हेही थोडं रुंदच आहे, पण बंदिस्त जागेत त्याहून अरुंद लेन्स घेतली तर एक फांदी आणि अर्धा झोपाळा एवढंच दिसतं. भिंत कापून कॅमेरा मागे नेण्याची युक्ती सगळे वापरतात. मी या कामात ती टाळली. भिंतीच्या आतून कुणी बघत नाही.

उभ्या रेघा सरळ राहाव्यात म्हणून स्केचअपमधला टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह लावला. तो लावला की कॅमेरा आपोआप आडवा होतो, तेव्हा आंब्याचा शेंडा चौकटीत यावा म्हणून कॅमेरा वर वाकवता येत नाही. चौकटच वर सरकवावी लागते.

उजेड किती

एक्सपोजर, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा, ते आपोआप ठरवणारा पर्याय मी बंद केला, आणि या सबंध प्रकरणात ऊन-सावलीनंतर याच एका गोष्टीने सर्वांत जास्त फरक पडला. तो चालू असेल तर दुपारचे बारा आणि संध्याकाळचे सहा दोन्ही चित्रं सारखीच उजळ येतात, डोळ्याला सुखद वाटतात, आणि तुलना करण्यासारखं काही उरत नाही. कॅमेरेवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: स्वच्छ उन्हात आयएसओ १००, एफ/१६ आणि सेकंदाचा १२५ वा भाग. एक्सपोजर एका आकड्यात सांगायच्या ईव्ही या मापात हे १५ च्या आसपास जातं. आकडा एकाने कमी केला की चित्रात दुप्पट उजेड येतो. मे महिन्याच्या चार वाजताच्या चित्राला मी १४ ठरवला आणि दिवसाच्या सगळ्या वेळांना तोच कुलूपबंद केला.

लगेच घराची पश्चिमेची पांढरी भिंत जळून गेली, नुसता कोरा कागद. हात सवयीने एक्सपोजर कमी करायला गेला. पण केलं असतं तर पायवाटेचा काळा दगड डांबरासारखा झाला असता. चूक रंगात होती. भिंतीला मी शुद्ध पांढरा, म्हणजे आरजीबी या ० ते २५५ च्या रंगमापात २५५ दिला होता. चांगला पांढरा रंगसुद्धा पडलेल्या उजेडातला साधारण ८० टक्केच परत फेकतो, तो आरजीबीत २३० च्या आसपास येतो. भिंत २३० वर आणली, दगड साइटवरच्या फोटोशी ताडून ९० वर ठेवला. भिंतीवरचा गिलावा दिसायला लागला, दगडाचे टाकीचे घावही. एक्सपोजरला हात लावावा लागला नाही.

आकाशाचं थोडक्यात. पहिल्या चित्रातला गडद निळा रंग पुण्यात पावसाळा सरल्यावर काही दिवस दिसतो. मेमध्ये धुळीने आकाश पांढुरकं असतं. व्ही-रेच्या आकाशातली टर्बिडिटी, म्हणजे हवेतला धूसरपणा, वाढवून ते जमलं. उन्हाला किंचित पिवळटपणा आला, सावल्या थोड्या उजळल्या. एका मित्राने एचडीआरआय, म्हणजे खऱ्या आकाशाचा चौफेर फोटो, वापरायचा सल्ला दिला होता. त्यातलं आकाश कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी दिवशी टिपलेलं असतं, आणि त्यातला सूर्य गोल फिरवता येतो पण त्याची क्षितिजापासूनची उंची बदलत नाही. उन्हासाठी मी त्याच्या वाटेला गेले नाही.

संध्याकाळच्या दिव्यांच्या चित्रासाठी मात्र तोच घेतला, कारण तेव्हा सूर्य नसतोच. मेच्या मध्याला पुण्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. त्यानंतर वीसेक मिनिटांचं निळसर आकाश. पहिल्या आवृत्तीत मी पायवाटेवर आठ दिवे ठेवले होते, प्रत्येकी ५ वॅटचे एलईडी, ४५० लुमेन, ३००० केल्विन. दिवसाच्या एक्सपोजरमध्ये ते दिसेनात म्हणून त्यांची शक्ती साठपट वाढवली होती. परिणाम लग्नाच्या मांडवासारखा. आता लुमेन डब्यावर छापलेत तेवढेच ठेवले आणि ईव्ही १४ वरून ८ वर आणला. सहा पायऱ्या म्हणजे ६४ पट उजेड. आणलेल्या दिव्यांची खरी ताकद तेव्हा दिसली आणि त्यातले तीन नुसतेच एकमेकांच्या उजेडात उजेड मिसळत होते. पाचच ठेवले. आंब्याच्या बुंध्याशी वर रोखलेला एक दिवा होता, तो काकूंनी काढायला लावला: "वर पाखरं झोपतात."

दुसरे प्रिंट घेऊन गेले तेव्हा मुद्दाम मेच्या चार वाजताचं मातकट, रंग नसलेलं चित्र सगळ्यांत वर ठेवलं. काकांना ते अर्धवट वाटलं. काकूंनी आंब्याखालच्या झोपाळ्यावर बोट ठेवलं, मग जुन्या कोपऱ्यावर, आणि म्हणाल्या, "हां, आता बरोबर."

मे महिन्यात मी चार वाजता जाऊन पाहिलं. झोपाळा सावलीत होता, पण सावलीची दक्षिणेकडची कड मॉडेलपेक्षा दीड फूट आत होती. त्या बाजूची एक फांदी पावसाआधी छाटली होती आणि मॉडेलमधला आंबा तसाच गोलमटोल राहिला होता. झोपाळ्याचं एक टोक उन्हाला लागत होतं, काकांनी खुंटीचा एक पंचा तिथे अडकवला होता.

दक्षिणेच्या कोपऱ्यात आराखड्याप्रमाणे लिलीचा वाफा यायचा होता. तो रद्द झाला. तिथली दहा बाय आठची शहाबादी फरशी होती तशी मोकळी ठेवली आहे. मी गेले त्या दिवशी तिच्यावर जुनं धोतर अंथरलेलं होतं आणि साबुदाण्याच्या पापड्या जवळजवळ वाळल्या होत्या.